बाया खाणारी खाट

आमच्या दवाखान्यातली शेवटची खाट बाया खायची. मी सांगते म्हणून लगेच खोटं समजू नका. माझ्या माहेरी, बोरी अरबला, माझ्या बोलण्यातले सोळापैकी बारा आणे हवेत सोडून द्यायचा रिवाज होता, हे मला मान्य आहे. पण उरलेले चार आणे खणखणीत असतात, आणि ही खाट त्या चारांतली आहे.

गावाचं नाव सांगत नाही. महागावच्या बाजूचं समजा. बायकांचा वॉर्ड म्हणजे एक लांबलचक खोली. एका टोकाला दार आणि दाराशी आम्हा नर्सांचं टेबल. दुसऱ्या टोकाला न्हाणीकडचा दरवाजा आणि त्याच्या कडेला ती लोखंडी खाट. खोली इतकी लांब, की टेबलापाशी वैशाख तापलेला असला तरी त्या खाटेपाशी पौष महिना चालू असायचा. टेबलाजवळच्या खाटा पाटलांच्या, व्यापाऱ्यांच्या, मास्तरांच्या घरच्या बायांना. मग कुणबी, मग तेली-माळी, मग गावाबाहेरच्या वस्तीतल्या, आणि सगळ्यात शेवटी तांड्यावरच्या. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. बाई दारात आली की आया तिच्या अंगावरच्या कपड्याकडे बघायची आणि सगळ्यांचे पाय आपोआप त्या-त्या खाटेकडे वळायचे.

तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारी ही माणसं आता माळावर घरं बांधून कापूस आणि तूर पिकवत होती. तिथल्या बाया आमच्याकडे येत त्या अडल्यावर, बैलगाडीतून, मागे अर्धा तांडा चालत. बाळंतपण नीट व्हायचं. आई हसायची. आणि मग दुपारी किंवा संध्याकाळी आया चादर बदलायला जायची आणि किंचाळत परत यायची. सगळ्याच जणी नव्हे, पण खाटेचं नाव खराब व्हायला पुरतील इतक्या. बाकीची बदनामी मी केली. कुठल्याशा तुरुंगातला फाशीचा खांब वितळवून ती खाट केली, असं मी एकदा सांगितलं, ते पुढच्या बाजारापर्यंत पुसदला जाऊन माझ्याकडेच परत आलं, सोबत त्या फाशी गेलेल्या माणसाचं गाव आणि जात घेऊन.

अशात नव्या मोठ्या सिस्टर बदलून आल्या. साल छप्पनचं सरत आलेलं. आमचा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. आम्ही एका राज्यात झोपलो आणि दुसऱ्यात उठलो, आणि उठून बघतो तर कोळसा तोच, चहा तोच. बदलल्या त्या फक्त मोठ्या सिस्टर. आधीच्या बाई खुर्चीत रुजलेल्या होत्या. या बाईंना खुर्ची चावायची. बोलताना चालायच्या, जेवताना उठायच्या, आणि त्यांच्या मागे फिरून-फिरून माझ्या चपलांचे तळवे असे झिजले की खालचा खडा गरम आहे की गार, ते मला कळू लागलं. मीही जात्याच एका जागी न टिकणारी. दोघींनी मिळून त्या वॉर्डाला भोवंड आणली.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी खाटेची गोष्ट ऐकली. म्हणजे मीच ऐकवली, फाशीच्या खांबासकट.

"छान सांगतेस," त्या म्हणाल्या. "आता मला एवढंच सांग. गेल्या वर्षी तांड्यावरची जी शेवटची गेली, ती जायच्या आधी काय करत होती?"

"काई नाई. शांत पडून होती."

त्यांनी आयाला विचारलं. आया म्हणाली, शांत होती बिचारी. कंपाउंडरला विचारलं. शांत होती. तेव्हा वॉर्डात असलेली माळीण बाजारात भाजी विकायची, तिला वांगी घेता-घेता गाठलं. "बाप्पा, लय शांत पोरगी होती," माळीण म्हणाली. त्याच्या आधी गेलेल्या बायांबद्दलही विचारलं. प्रत्येकीबद्दल प्रत्येकाने तेच सांगितलं.

घरी येताना सिस्टर वांग्यांची पिशवी जोरजोरात हलवत होत्या. "रक्त वाहून मरताना माणसाला कळतं गं. घसा सुकतो, छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. यांतली एकसुद्धा ओरडली नाही? काहून?" नागपूरकडच्या असल्यामुळे रागावल्या की त्यांचं पुस्तकी मराठी असं मध्येच उसवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला त्या खाटेवर झोपवलं.

"तोंडावर पदर घे. तू तांड्यावरची बाई. तुझं रक्त चाललंय. हात हलव, कण्ह, पाहिजे ते कर. पण तोंडातून शब्द काढायचा नाही."

माझ्यासारखीला गप्प बसवणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळणार नाही. माझ्या बारशाला मी गोंगाट केला म्हणून आमचं गाव अजून मला दोष देतं. पण पडले. उशीला कुणाकुणाच्या तेलाचा वास. वरच्या कौलातून एक पाल माझ्याकडे बघत होती, आणि तिलाही खाटेची गोष्ट माहीत असावी, कारण ती लांबूनच बघत होती. आया आली, शेजारच्या खाटेचं भांडं उचललं आणि गेली. मी हात उंचावला. तिने तो पाहिला आणि "पड, माय," म्हणून गेली. मी कण्हले. न्हाणीच्या दरवाजाची कडी त्याहून मोठ्याने कण्हत होती. डॉक्टरसाहेबांची फेरी आली. टेबलाजवळ ते शेठाणीबाईंच्या सुनेशी तिच्या पथ्याबद्दल बोलले, तिच्या सासूशी गहू-ज्वारीबद्दल बोलले, मग चालता-चालता त्यांचं बोलणं खाटेगणिक आखडत गेलं आणि माझ्यापासून बरंच अलीकडे ते थांबले.

"ती कशी आहे?"

"शांत आहे, साहेब," आया म्हणाली.

आणि साहेब वळले. खोटं नाही सांगत, माझं खरंच रक्त चाललेलं नव्हतं तरी हातपाय गार पडले. मी उशाचा टिनचा मग उचलला आणि खाटेच्या दांडीवर हाणला. असा आवाज झाला की डॉक्टर, आया आणि पाल, तिघंही एकदम हलले. आया धावत आली ती आधी शिव्या द्यायला. पदराखाली मी निघाल्यावर तिने त्या परत गिळल्या.

"मी मेली असती!" मी टेबलाकडे बघून ओरडले. सिस्टर तिथूनच सगळं बघत होत्या.

"मग टिनचा मग कशाला वाजवलास? त्या बायांनी तोही वाजवला नाही," त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, हे काय नाटक आहे. सिस्टर म्हणाल्या, "नाटकच आहे साहेब. उत्तर अजून मिळालं नाही." आणि मला घेऊन त्या थेट तांड्यावर निघाल्या, आधी मोटारीने आणि पुढे चालत. त्या चालण्याचं मी नंतर जे वर्णन करायची त्यात दोन नद्या आणि एक अस्वल होतं. खरं म्हणजे एक कोरडा नाला होता.

तांड्यात ज्या घरची सून गेल्या वर्षी त्या खाटेवर गेली, त्याच घरी आम्ही गेलो. अंगणात बाजेवर म्हातारा सासरा बसला होता. दाराआड धाकटी सून, पोट चांगलं वर आलेलं, कपाळापासून छातीपर्यंत घुंगट. तिच्या दोन्ही हातांत मनगटापासून पार दंडापर्यंत पांढऱ्या हाडाच्या बांगड्या, पायांत वाळे, वेणीत घुंगरं. मी बसले आणि गंमत पाहिली. तिने हात हलवला, बांगड्या दोनदा वाजल्या. चुलीपाशी बसलेली सासू न बघता म्हणाली, "दे, दे पाणी." पाणी आलं. पुन्हा वाजल्या, जरा लांबवून. सासू म्हणाली, "गूळ कोनाड्यात हाय." मग एक तडतडून आवाज झाला आणि सासू फिस्कारली, "आत्ता मांगू नोको!" त्या पोरीने बांगड्यांनी सबंध भांडण केलं आणि जिंकलं, कारण पुढच्याच घटकेला सासू पुटपुटत तिच्या हातातली घागर स्वतः उचलून गेली.

"सुनबाई बोलत नाई का?" मी सासूला विचारलं.

"बोलते ना. जिभेले हाड नाई तिच्या. पर सासरा ऐकत बसला त कशी बोलन? लाज असते, बाई."

मी सिस्टरकडे पाहिलं. त्या उभ्याच होत्या, आता आणखी उभ्या झाल्या. आमच्या दवाखान्यात पाटी होती: दागिने घालून आत येऊ नये. मनगटातल्या, पायातल्या, वेणीतल्या सगळ्या वस्तू आया दारातच उतरवून नवऱ्याच्या उपरण्यात बांधून द्यायची. दंडावरच्या बांगड्या लग्नाच्या, नवरा असेपर्यंत निघायच्या नाहीत, म्हणून त्यावरून दर वेळी भांडण व्हायचं. शेवटी साहेबांनी तोड काढली होती, की त्यांवर कापडी पट्टी घट्ट गुंडाळावी. आणि तांड्याचे म्हातारे काय करायचे, तर न्हाणीच्या बाहेर, त्या शेवटच्या खाटेच्या खिडकीखाली धोतर पसरून बसायचे. सुनेची काळजी म्हणूनच बसायचे हो. दिवसभर बसायचे.

"आम्ही आधी त्यांना मुकं केलं," सिस्टर हळू म्हणाल्या, "आणि मग शांत आहे म्हणालो."

सासूला त्यांनी सरळ सांगितलं, हिला दिवस भरायच्या आधीच घेऊन या. पायाला सूज आहे, घरी ठेवू नका. सासूने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मोठी तुमच्या खाटेनं खाल्ली. आता हे बी देऊ? हिले काई झालं त या तांड्याची बाई तुमच्या दारात कदी पाय नाई ठेवनार. गाडीतच मरन, पर तिथं नाई."

"बांगड्या राहतील. सगळ्या. पट्टी बांधणार नाही," सिस्टर म्हणाल्या. सासूने हो म्हटलं नाही. पण घुंगटामागून बांगड्या एकदा वाजल्या, आणि सासूने सुनेकडे असं पाहिलं, की काय म्हणाली ते मला भाषांतराशिवाय कळलं.

आल्या त्या. आणि दारातच साहेब आडवे आले.

"सिस्टर, हे काय कासाराचं दुकान? उतरवा."

"कुणाचा नियम, साहेब?"

"नागपूरचा. पाटी दिसत नाही?"

"नागपूर आता आपली राजधानी कुठं राहिली? मुंबईला विचारून घेऊ. त्यांचं उत्तर येईपर्यंत ही बाळंत होऊन घरी जाईल."

"आणि जंतू? जंतूंनाही मुंबईला पाठवणार?"

हा प्रश्न खरा होता, आणि सिस्टरांनी तो खराच मानला. "दोन्ही हात बांगड्यांसकट मी स्वतः साबणाने घासते, कोपराच्या वरपर्यंत. आपल्या बोटातली पुष्कराजाची अंगठी आपण घासता तसंच."

साहेबांनी हात खिशात घातला. "काही झालं तर?"

"माझ्यावर."

टेबलाजवळची खाट मात्र मिळाली नाही. तिथे शेठाणीबाईंची सून होती, बाळंत होऊन किती तरी दिवस झाले तरी हलत नव्हती, आणि शेठाणीबाई तिच्या पायथ्याशी पानदान मांडून बसलेल्या. "हमारी बहू वहाँ सोयेगी? न्हाणीपाशी?" त्यांनी साहेबांना विचारलं, आणि साहेबांनी सिस्टरांना सांगितलं की आजच्या दिवसाला एक लढाई पुरे. तेव्हा पोरगी गेली त्या शेवटच्या खाटेवर. सिस्टरांनी तिच्या हाताने खाटेची दांडी वाजवून दाखवली. "काहीही वाटलं तरी. ओलं वाटलं, गार वाटलं, नुसती भीती वाटली तरी." घुंगट हलला.

आता पुढे जे झालं त्यात माझी मेहनत लक्षात घ्या. बांगडी वाजली की नर्स धावते, हे वॉर्डाला कळायला एक सकाळ लागली. मग सगळा वॉर्ड वाजायला लागला. काचेच्या बांगड्या, चमचे, वाट्या. पाटलीणबाईंनी पितळी तांब्या वाजवून मला बोलावलं आणि खिडकी लावायला सांगितली. मास्तरणीने वाजवून विचारलं, आज वार कोणता. शेठाणीबाईंनी अडकित्ता खाटेवर आपटून मला त्यांच्या सुनेच्या पाठीला खाज कुठे सुटते ते दाखवलं. मी त्या दिवसांत इतकी धावले, की टेबलापासून न्हाणीपर्यंतची फरशी मध्ये खोलगट झाली आणि पावसाळ्यात तिथून पाणी वाहायचं.

पोरगी बाजाराच्या दिवशी सकाळी बाळंत झाली. मुलगी झाली, ठणठणीत, माझ्यापेक्षा मोठा आवाज. खिडकीखाली सासऱ्याने घसा खाकरून आनंद व्यक्त केला. सिस्टर बाळंतिणीपाशी बराच वेळ थांबल्या, पोट दाबून पाहिलं, सगळं ठीक. मग कापसाच्या जिनिंगमधला हात चिरलेला एक माणूस आला आणि साहेबांनी त्यांना पुढे बोलावलं. जाताना त्या मला म्हणाल्या, "कान तिकडे ठेव."

कान मी ठेवले, पण कुठे कुठे ठेवू? बाहेर बाजार, बैलांच्या घंटा, मिरच्यांचे सौदे. आत चमचे. चार वेळा उठले, चारही वेळा कुणाला चहा हवा होता. पाचव्यांदा मी टेबलावर उभी राहिल्यासारखी ओरडले, "आता कोनी वाजवलं त मी त्याची वाटी घरी घेऊन जाईन! कोनी मरून नाई राह्यलं इथं!"

वॉर्ड चूप झाला. शेठाणीबाईंनीसुद्धा अडकित्ता खाली ठेवला. आणि त्या चुपीत एक आवाज आला. काच नव्हती, पितळ नव्हतं. हाडाचा लोखंडावर आवाज कोरडा येतो, वाळलेल्या शेंगेसारखा. एक टक. बराच वेळ काही नाही. मग आणखी एक, आधीच्याहून हळू. माझ्या ओरडण्याने ती भ्यालेली असणार, तरीही तिने वाजवलं.

मी कशी पोचले ते मला विचारू नका. खाटा बाजूला झाल्या असं मी सांगत असते. चादर उचलली तर गादी खालपर्यंत भिजलेली. पोरीचा चेहरा राखेच्या रंगाचा, ओठ कोरडे, डोळे माझ्यावर. मी तिच्या पोटावर मूठ रोवली. गर्भपिशवी कणकेसारखी सैल झाली होती. मी चोळत राहिले आणि या जिल्ह्यात आजवर कुणी मारली नसेल अशी हाक मारली. सिस्टर आल्या, त्यांच्या हातांवर त्या जिनिंगवाल्याचं रक्त, ते धूत-धूतच त्यांनी इंजेक्शन भरायला सांगितलं. साहेब आले, आणि पहिल्यांदा त्या खाटेपर्यंत आले. त्यांनी स्वतः दोन विटा आणून, रक्त डोक्याकडे यावं म्हणून, पायथ्याखाली सरकवल्या, अंगठीसकट. आयाने पोर आईच्या छातीला लावलं. "चोळत राहा," सिस्टर म्हणाल्या. "थांबू नको." माझा खांदा निखळून पडला तरी मी थांबले नसते. तो निखळला नाही, पण पुढे मी तो निखळला असंच सांगितलं.

हळूहळू हाताखाली काहीतरी आकसायला लागलं. घट्ट झालं, नारळासारखं. सिस्टरांनी चादरीखाली हात घातला, बाहेर काढला, पाहिला. "थांबलं," त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खाली बसताना पाहिलं. फरशीवर, ओल्यातच.

खिडकीतून सासरा विचारत होता, काय झालं, काय झालं. कुणी उत्तर दिलं नाही तेव्हा पोरीनेच दिलं. घुंगट कधीच सरकला होता. ती कशीबशी म्हणाली, "कांई छेनी, बापू." काही नाही, बापू. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं आणि खिडकीपासून उठून बाजारात गेला. सून आपल्याला ऐकू येईल असं बोलली, याची लाज त्याला जास्त की ती जिवंत आहे याचा आनंद, ते त्याने गूळ घेऊन परत येईपर्यंत ठरवलेलं दिसलं नाही. गूळ मात्र सगळ्या वॉर्डाला वाटला, शेठाणीबाईंनाही. त्यांनी तो घेतला.

मायलेकी आणि सासू, तिघी गाडीत बसून घरी गेल्या. सिस्टरांची आणि माझी झोप उडालेलीच राहिली, कारण खरी परीक्षा तांडा पुन्हा येतो की नाही ही होती. रस्त्यावर बैलगाडी वाजली की आम्ही दोघी दारात. एकदा गाडीतून सरकीची पोती उतरली, एकदा कुणाची लग्नाची भांडी.

मग एका दुपारी खरंच आली. तीच सासू, सोबत दुसऱ्या घरची गरवार बाई, आपल्या पायांनी गाडीतून उतरलेली, अडलेली नव्हे. सिस्टरांचा चेहरा असा फुलला की मी तोंड फिरवलं. टेबलाजवळची खाट आता मोकळी होती. साहेबांनीच हुकूम काढला होता, की जिला जास्त धोका ती टेबलाशी. सिस्टर बाईचा हात धरून तिला तिकडे नेऊ लागल्या, तशी सासू मध्ये उभी राहिली.

"इथं नोको. थे खाट पायजेन."

"कोणती?"

"थे. न्हाणीपाशी. तिचं पोट भरलं आता, आमच्या पोरीले तिनं सोडलं. बाकीच्यायचा काय भरोसा?"

सिस्टरांनी समजावलं. खाट तशी नसते, लांब असली की आम्हाला दिसत नाही, इथं आम्ही जवळ आहोत. सासूने सगळं ऐकलं, मान डोलावली आणि बाईला घेऊन परत गाडीकडे वळली. मी फाशीच्या खांबाबद्दल काही बोलणार होते, पण सिस्टरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"थांबा!" त्या ओरडल्या. "साहेब, कंपाउंडरला बोलवा. आया, गाद्या उचल. आणि तू, ते टोक धर."

खाट जड होती, वाकडे पाय फरशीला रुतत होते. साहेब म्हणत होते फरशी फुटेल, पाटलीणबाई पाय वर घेऊन बसल्या, कंपाउंडरचं बोट चेपलं. आम्ही ती ओढत-ओढत साऱ्या वॉर्डाच्या मधून टेबलापर्यंत आणली आणि सासूने चहूबाजूंनी हात फिरवून ती तीच आहे याची खात्री केली.

"हो, थेच," ती म्हणाली. "आता झोप, बाई."

बाई झोपली. सिस्टर घाम पुसत होत्या. आणि तपासणीसाठी सुनेच्या बाळाला घेऊन आलेल्या शेठाणीबाई दारातून हे सगळं पाहत होत्या, त्या साहेबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, अगली बार हमारी बहू को यही खाट दीजिए."